शेततळ्यातले शिंपले आणि मोरचुदाच्या गोण्या

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांच्या शेततळ्याचं हे प्रकरण. ऑक्टोबर छाटणी झाली, बागेला पाणी सुरू झालं आणि एका प्लॉटच्या शेवटच्या ओळी कोरड्या राहू लागल्या. ठिबकच्या ड्रीपरमध्ये क्षार बसले असतील म्हणून त्यांनी नेहमीप्रमाणे ॲसिड सोडलं. फरक पडला नाही. मग सबमेनच्या, म्हणजे ओळींतल्या नळ्यांना पाणी पुरवणाऱ्या पाइपाच्या, टोकाचा फ्लश व्हॉल्व्ह उघडला, तेव्हा गढूळ पाण्याबरोबर ओंजळभर शिंपले बाहेर पडले. तुरीच्या दाण्यापासून अंगठ्याच्या नखापर्यंत सगळ्या मापाचे. बरेचसे रिकामे, पण काही घट्ट मिटलेले, म्हणजे जिवंत.

तळं प्लॅस्टिक अस्तराचं. पालखेड डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं की पाणी उचलून भरायचं. त्यात थोडे कटला-रोहू सोडलेले. धाकट्या मुलानं मोबाइलवर शोधाशोध केली आणि अमेरिकेतले व्हिडिओ समोर आले: शिंपल्यांनी भरून गेलेले नदीचे तळ, पाइपातून फावड्यानं उपसलेले शिंपले, आणि खाली ‘एशियन क्लॅम’ हे नाव. व्हिडिओतला शिंपला आणि हातातला शिंपला अगदी सारखा दिसत होता. बोर्डो या बुरशीनाशकासाठी आणलेल्या मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, गोण्या गोडाऊनमध्ये होत्याच. त्या संध्याकाळी फोटोबरोबर निरोप आला: ‘सर, ते परदेशी शिंपले आपल्याकडं पण आले. तळ्यात मोरचूद टाकून देतो. किती टाकू तेवढं सांगा.’

मी लगेच फोन केला आणि म्हटलं, ‘अण्णा, आज काहीच टाकू नका. आधी बघू या कोण आहे ते.’ नाशिक जिल्ह्यात अशी हजारो शेततळी आहेत. त्यांतल्या कुठल्याही तळ्यात हा प्रश्न उद्या उभा राहू शकतो, आणि उत्तर चुकलं तर नुकसान त्या तळ्यापुरतं राहत नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

परका की इथलाच?

शिंपले स्वच्छ धुऊन उन्हात बघितले. आकार गोलसर त्रिकोणी, कवच जाड, आणि बाहेरून एकसारख्या अंतरावर उठलेल्या गोल रेघा. नख फिरवलं की त्या एकेक करून लागतात. लहानांचा रंग पिवळसर हिरवा, मोठ्यांचा काळपट तपकिरी. रिकामं कवच उघडून बिजागरीपाशी भिंग धरलं. मधोमध तीन बारीक दात आणि दोन्ही बाजूंना लांब, करवतीसारख्या कडेचे दात. एवढ्या खुणा जुळल्या की कॉर्बिक्युला या गटाबद्दल शंका उरत नाही.

कॉर्बिक्युला आपल्याकडे नवा नाही. भारतीय उपखंडातल्या नद्यांमध्ये कॉर्बिक्युला स्ट्रायाटेला ही जात मुळातच आहे, आणि दख्खनच्या नद्यांच्या वाळूत हे छोटे शिंपले पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. त्यांच्याच शेजारी लॅमेलिडेन्स हा मोठा, लांबट, आतून मोत्यासारखा चमकणारा शिंपला आणि पॅरेसिया हा त्याहून लहान, सुरकुतलेल्या शेंड्याचा शिंपला सापडतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या नद्यांच्या जुन्या गाळथरांतही गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांची कवचं मिळाली आहेत, आणि त्यांच्यावरून थरांचं वयसुद्धा काढलं गेलं आहे. माणसानं कालवे खणले त्याच्या हजारो वर्षं आधीपासूनचे हे रहिवासी आहेत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कॉर्बिक्युलाच्या जाती नुसत्या कवचावरून वेगळ्या करणं तज्ज्ञांनाही जड जातं, कारण पाणी, गाळ आणि वयाप्रमाणे कवचाचा रंग-आकार बदलतो. पक्की ओळख डीएनए तपासूनच होते. म्हणून चार-पाच जिवंत शिंपले फॉर्मॅलिनमध्ये न घालता अल्कोहोलमध्ये ठेवले, कारण फॉर्मॅलिननं डीएनए खराब होतो. बाटलीवर गाव, तारीख आणि पाण्याचा स्रोत लिहिला. असे नमुने दाखवायची योग्य जागा म्हणजे पुण्याच्या आकुर्डीतलं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र. पण निर्णय घ्यायला तेवढं थांबायची गरज नव्हती. कालव्यातून आलेला, इथल्या नदीत असणाऱ्या गटातला आणि गाळात राहणारा शिंपला सापडला, तर तो इथलाच धरून चालायचं आणि त्याप्रमाणे वागायचं. परका आहे हे सिद्ध होईपर्यंत विष नाही.

व्हिडिओतलं दुखणं खरंच आहे

अण्णांच्या मुलानं जे पाहिलं ते खोटं नव्हतं. फक्त ते दुसऱ्या मुलखातलं होतं. कॉर्बिक्युला फ्लुमिनिया ही पूर्व आणि आग्नेय आशियातली जात. १७७४ मध्ये म्युलर या डॅनिश शास्त्रज्ञानं चीनमधल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. उत्तर अमेरिकेत तिची रिकामी कवचं पहिल्यांदा १९२४ मध्ये कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर मिळाली, आणि १९३८ मध्ये वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीत जिवंत शिंपले सापडले. खाण्यासाठी म्हणून आशियाई स्थलांतरितांनी ते सोबत नेले असावेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. १९५७ च्या सुमारास ते ओहायो नदीत होते. दक्षिण अमेरिकेत रिओ दे ला प्लाताच्या खाडीत ते १९७० च्या दशकात पोहोचले, आणि युरोपात १९८० च्या सुमारास फ्रान्स-पोर्तुगालच्या नद्यांमध्ये. २०२३ मध्ये न्यूझीलंडच्या वायकाटो नदीत ते सापडले, तेव्हा तिथल्या सरकारला बोटी आणि मासेमारीच्या सामानावर निर्बंध घालावे लागले.

इतक्या वेगानं पसरायचं कारण त्यांच्या प्रजननात आहे. परक्या मुलखात पसरलेले कॉर्बिक्युला उभयलिंगी आहेत आणि स्वतःचंच फलन करू शकतात. म्हणजे नवीन नदी भरायला एक शिंपला पुरतो. त्याहून विलक्षण बाब अशी की फलनानंतर अंड्यातली आईची गुणसूत्रं बाहेर टाकली जातात आणि पिल्लू फक्त शुक्राणूकडच्या गुणसूत्रांवर वाढतं. त्यामुळे जगभर पसरलेला हा सगळा गोतावळा मोजक्याच वंशरेषांचा आहे. पिल्लं आईच्या कल्ल्यांत वाढतात आणि सुमारे ०.२ मिलिमीटरची झाली की बाहेर पडतात. एका शिंपल्यापासून वर्षात हजारो. पिल्लाला एक चिकट धागा फुटतो. त्याच्या जोरावर ते प्रवाहात वाहत जातं, किंवा शेवाळाला, जाळ्याला, बोटीला चिकटून दुसऱ्या गावी पोहोचतं.

आता परिणामांकडे येऊ. कॅलिफोर्नियातल्या डेल्टा-मेंडोटा या सिंचन कालव्यात शिंपल्यांमुळे गाळ अडून राहिला, त्याचे ढीग उभे राहिले आणि कालव्याची पाणी वाहून नेण्याची क्षमता घटली. सप्टेंबर १९८० मध्ये आर्कन्सा राज्यातल्या अणुवीज केंद्राचं एक युनिट बंद करावं लागलं, कारण थंड पाण्याच्या वाहिन्यांत कॉर्बिक्युलाची कवचं अडकून प्रवाह कमी पडत होता. त्यानंतर अमेरिकेच्या अणुऊर्जा नियामकांनी देशभरच्या केंद्रांना आपापल्या वाहिन्या तपासायला लावल्या. नदीतल्या वाळू-खडीबरोबर जिवंत शिंपले काँक्रीटमध्ये गेले आणि काँक्रीट पोकळ झालं, असेही प्रकार झाले.

नदीच्या जीवनावरचा परिणाम याहून खोल आहे. दाट वस्तीतले शिंपले पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म शेवाळ खाऊन टाकतात, आणि पायानं गाळ चिवडून त्यातलंही अन्न घेतात. म्हणजे तिथल्या मूळ शिंपल्यांच्या ताटातलं दोन्हीकडून जातं. उन्हाळ्यात पाणी तापून ऑक्सिजन उतरला की हे एकदम लाखांनी मरतात. स्पेन-पोर्तुगालच्या सीमेवरच्या मिन्यो नदीत असं घडलेलं आहे. सडणाऱ्या मांसातून अमोनिया सुटतो, आणि मूळ शिंपल्यांची पिल्लं अमोनियाला फार नाजूक असतात. कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरच्या ताहो सरोवरात शिंपल्यांच्या वस्तीवर हिरव्या तंतूंचं शेवाळ माजू लागलं, कारण शिंपल्यांच्या विष्ठेतून खत मिळत होतं. तिथे तळावर रबराच्या चटया अंथरून, खालचा ऑक्सिजन तोडून त्यांना मारायचे प्रयोग झाले. नितळ पाण्याचं एवढं मोठं सरोवर, आणि त्याच्या तळाला चटया घालाव्या लागल्या!

चित्र एकरंगी मात्र नाही. वॉशिंग्टन शहराजवळ पोटोमॅक नदीत १९७० च्या दशकाच्या अखेरीस हे शिंपले वाढले आणि गढूळ पाणी निवळलं. ऊन तळापर्यंत गेलं, पाणवनस्पती परतल्या, त्यांच्यामागोमाग मासे आणि पक्षी आले. पुढे शिंपले कमी झाले तशा वनस्पतीही घटल्या. परका जीव कधी फायदा करून जातो, पण त्या फायद्यावर कुणाचाच ताबा नसतो. मला पोटोमॅकच्या उदाहरणात हीच गोष्ट सगळ्यांत अस्वस्थ करते.

मग इथे एवढे का वाढले?

अण्णांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि नेमका प्रश्न विचारला: ‘इथलेच हायेत तर नदीत एवढे दिसत नाहीत. माझ्याच तळ्यात कसे माजले?’

उत्तर तळ्यातच होतं. नदीत त्यांना खाणारे असतात. नांदूर मध्यमेश्वरला दिसणारा मुग्धबलाक, म्हणजे उघड्या चोचीचा करकोचा, मुख्यतः गोगलगायी आणि शिंपल्यांतलं मांस काढून खातो. तळाशी चरणारे मासे लहान शिंपले खातात. पावसाळी पूर वाळू उलथून टाकतो, उन्हाळ्यात काठ कोरडे पडतात. शेततळ्यात यातलं काहीच नाही. पाणी स्थिर, कडा खड्या आणि गुळगुळीत, त्यामुळे करकोचा उतरत नाही. आजूबाजूच्या खतांमुळे पाण्यात हिरवं शेवाळ भरपूर, म्हणजे शिंपल्यांना बारमाही जेवण. आणि प्लॅस्टिकवर कालव्याच्या गाळाचा चांगला वीतभर थर साचलेला. कुदळ लावली तर कागद फाटेल, या भीतीनं तो कित्येक हंगामांत काढलाच नव्हता. शिंपल्यांना राहायला नेमकी हीच जागा हवी असते.

ते आत आले कालव्याच्या पाण्यातून. ०.२ मिलिमीटरच्या पिल्लाला फूटव्हॉल्व्हची जाळी म्हणजे उघडं दारच. पण तळ्यातून ड्रीपपर्यंत जायला फिल्टर आडवा येतो. १२० मेशच्या जाळीची छिद्रं साधारण १३० मायक्रॉनची, आणि पिल्लू २०० मायक्रॉनचं. म्हणजे जाळी धड असेल तर पिल्लू अडायलाच हवं. आम्ही फिल्टर खोलला. जाळी शिवणीपाशी बोटभर फाटलेली होती आणि रबरी रिंग एका बाजूला मुडपलेली. तिथून पिल्लं सबमेनमध्ये गेली, पावसाळ्यात पंप बंद असताना पाइपातल्या साचलेल्या पाण्यात आणि गाळात वाढली, आणि छाटणीनंतर पंप सुरू होताच लॅटरलच्या, म्हणजे ओळीतल्या ठिबक नळीच्या, तोंडाशी जाऊन बसली.

या प्रकरणात ‘आक्रमण’ म्हणावं असं काही नव्हतं. फाटलेली जाळी होती आणि न काढलेला गाळ होता.

मोरचूद टाकलं असतं तर

द्राक्षवाल्यांना मोरचूद परिचयाचं आहे, आणि त्यामुळेच त्याची भीती वाटेनाशी होते. तांबं शिंपल्यांना विषारी आहे हे खरं. पण मोठा शिंपला पाण्यात काही वेगळं जाणवलं की कवच मिटून घेतो आणि बराच काळ तसाच बसून राहतो. आपल्या काळ्या जमिनीतलं पाणी जड आणि अल्कलीधर्मी असतं. त्यात तांब्याचा बराचसा भाग साका होऊन गाळात बसतो. म्हणजे शिंपला मरेल इतकी मात्रा गाठेपर्यंत कटला-रोहू आधी उलटे झाले असते.

समजा शिंपले मेलेच असते, तरी पुढे काय? हजारो शिंपले एकदम सडून ऑक्सिजन संपला असता आणि अमोनिया वाढला असता. सुटी झालेली कवचं पंपानं ओढून पुन्हा पाइपातच नेली असती. तांब्याचं पाणी ड्रीपमधून त्याच बागेत गेलं असतं, जिथे वर्षानुवर्षं बोर्डोचं तांबं साठतंच आहे. आणि जोराच्या पावसात तळं भरून सांडव्यानं वाहिलं असतं, तर उरलेलं नाल्यात. त्या भागातले नाले कादवा-गोदावरीला मिळतात, आणि त्या दोघींच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय आहे. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालेली ती पाणथळ. तिथे येणाऱ्या पक्ष्यांचे फोटो आपण अभिमानानं एकमेकांना पाठवतो. ते पक्षी ज्यावर जगतात त्या तळाच्या जीवांवर विष सोडायचं, हे मला कुणालाही सांगवणार नाही.

मोठ्या शिंपल्यांचा विचार तर वेगळाच करावा लागतो. लॅमेलिडेन्ससारख्या शिंपल्याची पिल्लं काही दिवस माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात. मासा नसेल तर पुढची पिढी नाही. ते सावकाश वाढतात आणि कॉर्बिक्युलासारखे झटपट परत येत नाहीत. आधीच वाळूउपसा, सांडपाणी आणि जलपर्णीखाली गुदमरलेलं पाणी यांनी त्यांची जागा आकसली आहे.

काय केलं

सबमेन आणि लॅटरलची टोकं उघडून जोरानं पाणी सोडलं, कवचं येणं थांबेपर्यंत. फिल्टरची जाळी आणि रिंग बदलली. तळ्यातला सक्शन पाइप तळाशी टेकलेला होता. तो रिकाम्या ड्रमला बांधून तरंगता केला, म्हणजे गाळाऐवजी मधलं पाणी उचललं जाईल. पंप बंद ठेवायचा असेल तेव्हा सबमेन रिकामी करून ठेवायची, हे ठरलं. एवढ्यावर कोरड्या ओळींना पाणी पोहोचलं.

गाळ काढायला मात्र थांबावं लागलं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेला तळ्याच्या पाण्याची सगळ्यांत जास्त गरज असते, त्यामुळे तळं रिकामं होतं ते थेट मेअखेरीस. उरलेल्या पाण्यातले मासे काढून विकले. गाळाला उन्हात भेगा पडू दिल्या. कॉर्बिक्युला ओलसर सावलीत काही आठवडे तग धरू शकतो, पण मे महिन्याच्या उन्हात कोरड्या गाळात त्याचा टिकाव लागत नाही. मग लोखंडी अवजार न लावता लाकडी फळी आणि घमेल्यांनी गाळ ओढून काढला आणि बांधाच्या आत शेतातच पसरला. ओढ्यात टाकला नाही.

मुलाची एक सूचना होती: सायप्रिनस (कॉमन कार्प) मासा सोडू, तो शिंपले खातो. खातो हे खरं. पण तो तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि फिल्टर आणखी तुंबतात. शिवाय तो स्वतःच बाहेरून आणलेला मासा आहे. ती कल्पना सोडून दिली.

खरी चिंता कुठे आहे

या प्रकरणात परका जीव निघाला नाही, म्हणून तो येणारच नाही असं नव्हे. आपल्या तळ्यांत परके जीव आपणच आणले आहेत. टिलापिया मासा १९५२ मध्ये भारतात आला; गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) १९५९ मध्ये. आफ्रिकन मागुरवर २००० सालापासून बंदी असून तो अजून लपूनछपून वाढवला जातो. युरोपात आशियातून आणलेल्या गवत्या-चंदेरासारख्या माशांच्या कल्ल्यांना चिकटून चिनी तलाव-शिंपला, सायनानोडोंटा, पोहोचला आणि मत्स्यतलावांतून नद्यांत उतरला. मासा सगळ्यांना दिसला, शिंपला कुणालाच दिसला नाही. भारतात २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यात आक्रमक परक्या प्रजातींसाठी तरतूद आली आहे, पण शेततळ्याच्या काठावर कायदा उभा राहत नाही. तिथे शेतकरीच असतो.

म्हणून मत्स्यबीजाच्या पिशवीतलं पाणी तळ्यात ओतू नये. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, जाळीत गाळून घ्यावी आणि ते पाणी कोरड्या जमिनीवर सोडावं. कल्ल्यांना चिकटलेली पिल्लं अशी जात नाहीत, तेव्हा बीज काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मग तळ्यात सोडावं, आणि टाकीच्या तळाशी बारीक शिंपले उरले आहेत का ते भिंगातून बघावं. पाइपाच्या आतून किंवा सिमेंटच्या भिंतीला धाग्यांनी घट्ट चिकटलेले शिंपल्यांचे झुपके दिसले, तर मात्र लगेच नमुना तपासायला पाठवावा. आपल्या तळ्या-ओढ्यांतले नेहमीचे शिंपले असे चिकटत नाहीत. अमेरिकेत पसरलेले झेब्रा शिंपले आणि दक्षिण अमेरिकेत पसरलेले सोनेरी शिंपले चिकटतात.

अण्णांच्या शेजाऱ्यांनी मोत्यांच्या शेतीसाठी परराज्यातून शिंपले मागवले होते. ते कोणत्या नदीतले, कोणत्या जातीचे, हे विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. ते सध्या नाल्यापासून लांब, सिमेंटच्या टाकीत आहेत. टाकीचं पाणी बाहेर सोडायचं नाही असं शेजाऱ्यांनी मान्य केलं आहे, आणि अल्कोहोलच्या दुसऱ्या बाटलीत त्यातले तीन शिंपले आकुर्डीला जायला तयार आहेत.